नुसतंच चालायचं

रविवार, रात्री साडेदहा

अंग ठणकतंय, पण झोप येईना. दादांचा फोन येऊन गेला, पोरांची पावनखिंडीची पायी मोहीम झकास झाली म्हणाले. झालीच. पोरं सुखरूप वसतिगृहावर पोचली. जळवा आणि पायाचे फोड सोडले तर कुणाची तक्रार नाही. मला मात्र त्या शाहूवाडीकडच्या पोरीचं बोलणं टोचत राहिलंय.

काल म्हसाई पठारावर पाऊस आडवा झोडपत होता. शहरातली पोरं चिखलात घसरत, किंचाळत, एकमेकांना धरून चाललेली. ही सगळ्यांच्या पुढं. "दम लागत नाही का गं तुला?" म्हटलं.

"न्हाई ताई. शाळंला ह्याच्यापेक्षा लांब जायचो आम्ही."

सहज बोलली, मनात काही नव्हतं तिच्या. माझ्या मात्र काळजात चर्र झालं. जी पोर कळतं तेव्हापासून चालतेच आहे, तिला आम्ही चालायला घेऊन आलो?

आणि त्यासाठी उन्हाळाभर दारं झिजवली. कोल्हापुरात शिक्षणाला पैसे मागा, लोक हात आखडत नाहीत. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासूनची ती रीत. पण पोरांना हिंडवायला म्हटलं की कपाळाला आठ्या. "चालायला कसले पैसे लागतात?" एका सज्जनांनी विचारलं होतं. बस, रेनकोट, बूट, औषधं, दोन दिवसांचं जेवण, सगळं सांगितलं त्यांना. काल रात्री वाटलं, त्यांचंच खरं असावं. कुणासाठी चाललाय हा आटापिटा? घरचेही हेच विचारतात, वेगळ्या शब्दांत. ते जाऊ दे.

मुक्काम शाळेत होता. फरशीवर ताडपत्री, त्यावर ओळीनं झोपलेली पोरं. रिचर्ड शिरमान या जर्मन मास्तरांना १९०९ मध्ये पोरांच्या सहलीत असंच वादळानं गाठलं होतं. एका गावच्या शाळेत पेंढा अंथरून त्यांनी रात्र काढली, आणि त्या रात्रीतून युथ हॉस्टेलची कल्पना निघाली. पोरांना हिंडवणं ही चैन नाही, हे मला त्या गोष्टीमुळंच पटलेलं. काल तीच स्वतःला सांगून बघितली, उपयोग झाला नाही. त्यांची पोरं कारखान्यांच्या गावातली. आमची ही तर गवतातूनच आलेली.

आज ओढ्यांना पाणी वाढलं म्हणून सगळ्यांच्या सॅक टेम्पोतून पुढं पाठवल्या. दादांना आवडलं नाही. आपलं ओझं आपण वाहायचं, हा त्यांचा नियम.

पावनखिंडीत मी नेहमीसारखी गोष्ट सांगितली. १६६० चा जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, पालखीत बसून शत्रूला सामोरा गेलेला शिवा काशीद, खिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू आणि बांदल. पोरांचे प्रश्न तलवारींचे आणि तोफांचे. हिनं विचारलं, "ताई, पालखी खांदा बदलत नेली असंल न्हाई? एवढ्या चिखलातनं, रातीचं?"

मला पुढं बोलताच येईना. इतकी वर्षं सांगतेय ही गोष्ट, पण पालखी वाहणाऱ्यांच्या खांद्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

परतताना बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. भिजलेला मोजा पिळत म्हणाली, "आज लई मज्जा आली."

"तू तर रोजच चालतेस की गं."

"रोज डोस्क्यावर भारा असतोय. न्हाईतर घागर. मान वळवाय येत न्हाई. आज पाठीवर बी काय नव्हतं. नुसतंच चालायचं. पायजे तिकडं बघत."

मग दरीतल्या धबधब्याचं सांगत बसली. त्यापासून हाकेच्या अंतरावरून ती कितीदा गेली असेल. खाली वाकून कधी बघितला नव्हता म्हणे.

तिची आई अजून भारे वाहतेय. आमच्या देणगीत आयांसाठी जागा नाही. त्याचं काय करायचं, मला सुचत नाही. पण पोर मान वळवून बघत चालली, त्याला पैसे लागतात, आणि ते मी पुढच्या उन्हाळ्यातही मागणार. त्या सज्जनांकडंही जाणार.

दादांशी मात्र उद्याच बोलते. टेम्पो दोन्ही दिवस पाहिजे. ओझं उचलायची शिस्त ज्यांना लावायची आहे, त्यांनी खुशाल आपली सॅक घ्यावी. तिची टेम्पोत जाईल.