धुऊन ठेवलेली स्ट्रॉबेरी

आईची संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं सुटावीत म्हणून जानेवारीत महाबळेश्वरहून येताना दोन किलो स्ट्रॉबेरी आणली. 100 ग्रॅममध्ये साधारण 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, म्हणजे संत्र्याच्या तोडीस तोड. पुण्यात पोचल्या पोचल्या सगळी धुतली, डब्यात भरली आणि घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी लाल पाणी, वर करडी बुरशी. आई त्यातून चांगली फळं शोधत बसली होती, ते बघवेना. सगळीच टाकली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तिकडे जाणं झालं, तेव्हा भिलारजवळ थेट शेतावरच थांबले. तोडणी करणाऱ्या मावशींना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, धुऊन ठेवली होती का?"

या फळाला जाड साल नाही. देठाशी ओल राहिली की तिथूनच बुरशी धरते. म्हणून खायच्या वेळेलाच धुवायची, तीही हिरव्या टोपीसकट. टोपी आधी काढली तर पाणी आत शिरतं. घेताना पेटी खालून बघायची, कारण वरचा थर नेहमीच देखणा असतो. आणि देठापर्यंत लाल झालेलीच घ्यायची. आंब्यासारखी ही आढीत पिकत नाही, तोडली की गोडी तिथेच थांबते. "स्वीट चार्ली जात गोड, पण नाजूक. लांब न्यायचीय तर कॅमारोजा न्या, ती घट्ट असते," असंही त्या म्हणाल्या. मी कॅमारोजाच घेतली.

या वेळी पेटी डिकीत न टाकता मांडीवर घेतली आणि ऊन चढायच्या आत पसरणीचा घाट उतरलो. घरी आल्यावर दबलेली फळं वेगळी काढून त्याच दिवशी संपवली. उरलेली परातीत कोरड्या सुती कापडावर एकाच थरात मांडली, वरून सैल फडकं टाकलं आणि परात फ्रिजमध्ये ठेवली. कापड रोज बदलायचे. पाचव्या दिवशीही फळ टणक होतं!

अर्धा किलो मात्र पहिल्याच दिवशी धुऊन, पुसून, टोप्या काढून ताटात सुटी सुटी ठेवून गोठवली आणि मग पिशवीत भरली. ती मे महिन्यापर्यंत दह्यात घालून खाल्ली.

आई आता चहा टाकण्याआधी फ्रिज उघडते, आणि परातीतलं सगळ्यात मऊ फळ आधी उचलते.