चिंगीचा गोचीड ताप

श्रावण, पहिला आठवडा

चिंगीला गोचीड ताप झाला आहे, हे आज रक्ततपासणीतून निश्चित झाले. एरवी दुधाच्या गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत धावत जाणारी ही आमची गावठी कुत्री, परवापासून अन्नाकडे पाठ फिरवून कोपऱ्यात पडून होती आणि काल संध्याकाळी तिचा घोळणा फुटला, तेव्हा यजमानांनी आणि मी तिला चादरीत गुंडाळून तडक दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कोणतेही यंत्र हाती घेण्यापूर्वी तिचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहिली. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत तिचा रंग परत येतो; चिंगीची हिरडी दाबण्याआधीच पांढुरकी दिसत होती. मग त्यांनी तिला कुशीवर वळवून पोटाच्या विरळ केसांवर टॉर्चचा झोत धरला, तर तिथे टाचणीच्या टोकाएवढे लालसर ठिपके उमटलेले होते. हे पुरळ नसून त्वचेखाली झिरपलेले रक्त आहे, असे त्यांनी सांगितले, तेव्हा घोळणा का फुटला याचाही उलगडा झाला. ताप १०४ अंश होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने वाटतो तितका हा ताप भयंकर नव्हता. खरी काळजी रक्ताची होती. प्लेटलेटची संख्या अवघी २२ हजार भरली. कुत्र्याच्या रक्तात ती साधारण २ ते ५ लाख असावी लागते.

या आजाराचा जंतू, एर्लिकिया कॅनिस, तपकिरी रंगाच्या गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि पांढऱ्या पेशींमध्ये ठाण मांडतो. प्लीहा सुजते, प्लेटलेट नष्ट होऊ लागतात, आणि दुखणे फार काळ अंगावर काढले गेले तर नवे रक्त तयार करणारी हाडांतील मज्जाच मंदावते. चिंगी अजून त्या टप्प्यावर पोचलेली नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. रक्त आणखी खालावले तर मात्र दुसऱ्या कुत्र्याचे रक्त चढवावे लागेल आणि त्यासाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा थेट पुण्याला जाण्याची तयारी ठेवा, असेही त्यांनी बजावले. आमच्या सांगलीला लागून असलेले मिरज माणसांच्या दवाखान्यांसाठी कर्नाटकापर्यंत प्रसिद्ध आहे. पण आजारी पडलेला जीव चार पायांचा असला की महामार्ग धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

त्याच आठवड्यातील शनिवार

रक्त चढवण्याची वेळ आली नाही. पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून सलाईन दिले गेले, ओकारी थांबवणारे इंजेक्शन झाले आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या. हा औषधोपचार २८ दिवसांचा असतो. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही आणि दिल्यावर थोडे पाणी पाजायचेच, कारण ती अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते. जनावराला गोळी द्यायची म्हणजे ती पेढ्यात दडवायची किंवा दहीभातात कालवायची, ही आपल्याकडची सर्वमान्य युक्ती. परंतु दुधातील कॅल्शियममुळे हे औषध अंगी लागायला अडथळा होतो, म्हणून डॉक्टरांनी ती युक्ती बाद केली. आता उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात गोळी जाते आणि पाठोपाठ बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने पाणी सोडले जाते. चिंगी अंडे गिळून गोळी तेवढी जिभेवर परत आणते, आणि ती जमिनीवर पडण्याआधी माझ्या तळहातावर झेलावी लागते.

खाण्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. आमच्या भागात अशक्त माणसाला अळणी, म्हणजे मटणाचे बिनतिखट पाणी, देण्याची पद्धत आहे, त्यामुळे ‘हिलाही अळणीच द्या’ असा सल्ला दारात येणाऱ्या प्रत्येकाने दिला. अळणीत कांदा आणि लसूण असतात, आणि हे दोन्ही पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मुळात रक्त कमी झालेल्या कुत्रीला ते घालणे म्हणजे औषधाने भरायचे आणि वाटीने उपसायचे. सासूबाईंचा श्रावण कडक असतो, घरात महिनाभर अंडेसुद्धा चढत नाही. तरीही त्यांनी कोणी काही सुचवण्यापूर्वीच मागच्या अंगणात जुनी शेगडी मांडून घेतली आणि ‘तिला कुठला आलाय श्रावण’ एवढेच म्हणून विषय संपवला. तिथे मीठ-मसाल्याविना शिजवलेल्या कोंबडीचे कोमट पाणी आणि मऊ भात चिंगीने आज प्रथमच स्वतःहून चाटला. अन्न किंचित कोमट असले की त्याचा वास सुटतो, आणि भूक मेलेल्या कुत्र्याला जेवणाकडे वळवण्यात चवीपेक्षा वासाचा वाटा मोठा असतो.

श्रावण, दुसरा आठवडा

ताप उतरला आहे, शेपटी हलते आहे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत अवघड काळ आता सुरू झाला आहे. कुत्रे निपचित पडलेले असते तेव्हा घरातील प्रत्येक जण डॉक्टरांचा शब्द झेलतो. ते उठून उड्या मारू लागले की प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर होतो. डॉक्सिसायक्लिनचा गुण पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसू लागतो, हा या औषधाचा मोठेपणा खरा. पण त्यामुळेच पुष्कळ लोक गोळ्या मध्येच सोडतात. वरवर सुधारलेल्या कुत्र्याच्या शरीरात जंतू दबा धरून राहू शकतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, मज्जेवर घाला घालू शकतो. त्या अवस्थेतील कुत्रे वाचवणे फार कठीण असते. म्हणून चिंगी कितीही टवटवीत दिसली तरी स्वयंपाकघरातील गोळ्यांची पट्टी संपेपर्यंत ती आजारीच आहे, असे मी घरात जाहीर केले आहे.

तिला दोरीने बांधून ठेवावे लागते, हे तिला मान्य नाही. प्लेटलेट कमी असताना जिन्यावरून घसरणे किंवा भटक्या कुत्र्याशी झटापट होणे यातून आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि सुजलेली प्लीहा तर साध्या धडकेनेही फाटू शकते. लघवीपुरते अंगणात न्यायचे आणि परत आणायचे, एवढीच मोकळीक तिला आहे. याच आठवड्यात शेजारच्या काकू पपईच्या पानांचा वाटलेला रस घेऊन आल्या. डेंग्यूच्या निमित्ताने हा उपाय घरोघरी पोचला आहे आणि काकूंचा हेतू निर्मळ होता; परंतु त्या कडू रसाने ओकारी झाली असती तर पोटातील गोळीही बाहेर पडली असती. मी वाटी आदराने घेतली आणि नंतर ती तुळशीपलीकडच्या जास्वंदीला अर्पण केली. ताप आहे म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन द्या, असे सुचवणाऱ्यांना मात्र स्पष्ट नकार दिला. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते, आणि रक्त आधीच वाहते आहे अशा वेळी तर ते आगीत तेल ओतणेच होय.

श्रावण, तिसरा आठवडा

आजचा पूर्ण दिवस भिंतींच्या सेवेत गेला. तपकिरी गोचीड अंड्यातून बाहेर पडल्यापासून स्वतः अंडी घालेपर्यंत तीनदा कुत्र्याच्या अंगावर चढते, प्रत्येक वेळी रक्त पिऊन गळून पडते आणि मग फटीत, चौकटीमागे, गादीच्या शिवणीत जाऊन कात टाकते किंवा अंडी घालते. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालू शकते. त्यामुळे नुसते कुत्रे स्वच्छ करून भागत नाही. चिंगीच्या झोपण्याच्या जागेजवळ, दाराच्या लाकडी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बॅटरी लावून पाहिले, तर आत करड्या, फुगीर गोचिडी ओळीने चिकटलेल्या दिसल्या. गोचीड खालच्या बाजूने येते, हा समज निदान या जातीच्या बाबतीत खोटा आहे. ती भिंत चढून छतापर्यंत जाते. यजमानांनी फटी सिमेंटने बुजवल्या, जुनी गोणपाटे जाळली, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणातच फवारणी केली. फवारणीच्या दिवशी काकूंच्या मांजरीला त्यांनी घरातच कोंडून ठेवावे, अशी विनंती केली होती, कारण कुत्र्यांना चालणारी पर्मेथ्रिनसारखी काही कीटकनाशके मांजरांच्या जिवावर बेततात.

अंगावरच्या गोचिडीला रॉकेल चोळण्याची रीत अजून मोडलेली नाही. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर रॉकेल पोटात जाते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, एवढे पुरते. चिंगीला आता फ्लुरालॅनरची चघळायची गोळी दिली आहे, तिचा परिणाम गोचिडींवर सुमारे १२ आठवडे टिकतो.

भाद्रपद, गणपतीच्या आदल्या दिवशी

शेवटची गोळी आज संपली. प्लेटलेट २ लाख ४० हजार झाल्या आहेत. हिमोग्लोबिन अजून थोडे कमी आहे, परंतु तांबड्या पेशींची भरपाई सावकाशच होते, त्यामुळे डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटले नाही. किटवरची तपासणी पुन्हा करून घ्यावी का, असे मी विचारले, तर ते नको म्हणाले. ती तपासणी जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती आजार गेल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. तेव्हा आता ती होकारार्थी आली तरी त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. त्याऐवजी पितृपक्ष संपला की पेशींची मोजणी पुन्हा करायची आहे. गोचिडीची पुढची गोळी दिवाळीच्या सुमारास येते. त्या दिवसांत घरात पाहुणेही असतील आणि औषधांची दुकाने बंदही, म्हणून ती आधीच आणून ठेवण्याचे यजमानांनी कबूल केले आहे.