जुन्या पिकअपचं क्राऊन-पिनियन आणि एलएसडी: माझा अनुभव

आपली गाडी जुनी महिंद्रा पिकअप, फक्त मागची चाकं ओढणारी, चार गिअरचा बॉक्स, चौथा गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन जेवढं फिरतं तेवढाच मागे जाणारा शाफ्ट. काम दोन प्रकारचं. यावल-रावेर पट्ट्यात बागेतून केळीचे घड भरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, आणि मधेमधे धुळ्याचं नाहीतर चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढून पलीकडचं भाडं मारायचं. तक्रारीही दोनच होत्या. हायवेला साठच्या पुढे गेली की इंजिन एवढं बोंबलायचं की बाजूला बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे, आणि पावसात काळ्या मातीत एक चाक भिरभिरायला लागलं की गाडी तिथेच, मग ट्रॅक्टर शोधा. मृगबागेची, म्हणजे मृगात लावलेल्या केळीची, कापणी नेमकी पावसाळ्यात येते त्यामुळे हे टळणारं नव्हतंच.

सल्ले भरपूर मिळाले, पण जो तो एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला देत होता. चिखलासाठी जड क्राऊन टाक म्हणे, म्हणजे मागच्या एक्सलमधली क्राऊन-पिनियनची दातांची जोडी अशी घाल की स्पीड कमी पण ताकद जास्त मिळेल. अरे पण चिखलात ताकद कमी पडत नाही, पकड कमी पडते. साधं डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे एक्सलमधले गिअर, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणजे गाऱ्यातलं चाक जेवढा जोर पेलू शकतं तेवढाच कोरड्यातल्या चाकाला मिळतो, बाकी सगळा नुसता भिरभिरण्यात जातो. तिथे क्राऊन जड असलं काय नि हलकं असलं काय. क्राऊनचा हिशोब रस्त्याशी आणि लोडशी, एलएसडीचा, म्हणजे एकट्या चाकाला भिरभिरू न देणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा, हिशोब जमिनीशी. हे डोक्यात बसल्यावर पुढचं सगळं सोपं गेलं.

आधी गाडीत आहे काय ते बघायचं होतं. मला संशय मीटरवरून आला. मोबाइलचं जीपीएस ६० दाखवायचं तेव्हा मीटरचा काटा ६६ वर. या गाडीत मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, म्हणजे मीटर चाकं नाही, गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा जॉइंटचा शाफ्ट मोजतं. शाफ्ट जास्त फिरत असेल तर मीटर फुगवून दाखवणार. आणि मीटर फुगलं की किलोमीटरही फुगतात, म्हणजे इतके दिवस मी जे अॅव्हरेज सांगत होतो तेही तसंच फुगलेलं.

न उघडता रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो काढायची एक युक्ती आहे. पुढच्या चाकांना दगड लावायचे, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, शाफ्टवर खडूची खूण करायची आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं. दोन यासाठी की दुसरं चाक जमिनीवर धरलेलं असतं, मग डिफरन्शियल अर्धाच हिशोब देतं. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तो रेशो. माझे पाच आणि वर एक तृतीयांशपेक्षा थोडे जास्त आले. हे फक्त साध्या डिफरन्शियलला चालतं हां. आत एलएसडी आहे का ते कळायला दोन्ही चाकं उचलून एक फिरवून बघायचं, दुसरं उलटं फिरलं तर बहुतेक साधं, त्याच बाजूला फिरलं तर एलएसडी नाहीतर लॉक केलेलं.

हाऊसिंग उघडल्यावर मिस्तरींनी दात मोजले. क्राऊनचे ४३, पिनियनचे ८. भागाकार ५.३८. मिस्तरी मूळचे साक्रीकडचे, हात पुसत अहिराणीत म्हणाले, हे कुणीतरी बदललेलं आहे: "भाऊ, हाई कोन्ही तरी बदली दियेल शे." आधीच्या मालकाने वाळू-विटांसाठी ४.८८ काढून ५.३८ टाकलेलं असणार. मीटरचं गणितही जुळलं, ५.३८ ला ४.८८ ने भागा, बरोबर दहा टक्के फरक निघतो.

मग कागद-पेन्सिल. टायर २१५/७५ आर १५, परीघ साधारण २.२१ मीटर. ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला ६०३ फेरे मारतं. डायरेक्ट टॉपमध्ये ५.३८ ला इंजिन ३२४० आरपीएमच्या आसपास, ४.८८ ला २९४०, आणि ४१-९ दातांचं ४.५६ टाकलं तर २७५०. ४.५६ चा मोह झाला खरा. हायवेवाला मित्र तर म्हणत होता तेच घे, गाडी कार होऊन जाईल. पण चाकावरचा जोर ५.३८ च्या मानाने ४.८८ ला नऊ टक्के कमी होतो, ४.५६ ला पंधरा. टर्बो नसलेलं जुनं डिझेल इंजिन, मागे केळी भरलेली, समोर कोंडाईबारी नाहीतर कन्नडचा घाट, तिथे पंधरा टक्के म्हणजे तिसऱ्यात चढणारी गाडी दुसऱ्यात रडत जाणार. शिवाय पुढेमागे २३५/७५ चे टायर टाकले तर ते उंचीनेच एका फेऱ्यात चार टक्के जास्त अंतर कापतात, ४.८८ वर ८० ला मग २८२० च होतात. म्हणून ४.८८. मीटरही आपोआप खरं बोलायला लागणार होतं, तो बोनस.

आपली गाडी टू-व्हील, म्हणून मागचंच बदललं. फोर बाय फोर असेल तर पुढचं-मागचं दोन्ही सारखं लागतं, नाहीतर फोर लावल्याबरोबर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं.

एलएसडीवर जास्त डोकं खपलं. मिस्तरींचा पहिला उपाय फुकटातला: "स्टार गिअरले वेल्डिंग मारी टाकू, कटकट मिटी जाई. कसाले इतला पैसा घालस?" स्टार गिअर म्हणजे डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर, ते वेल्ड केले की दोन्ही चाकं कायमची एकत्रच फिरतात. वेल्डिंग मारलेली गाडी शेतात रणगाड्यासारखी जाते हे खरं, पण डांबरावर प्रत्येक वळणाला आतलं चाक घासत नेते, टायर जातात, एक्सल शाफ्ट पिळले जातात, ओल्या घाटात तर मागचं ढुंगण कुठे जाईल सांगता येत नाही. नको म्हटलं. एअर लॉकर चांगलाच, बटण दाबलं की लॉक, पण कॉम्प्रेसर, पाइप, वायरिंग, आणि आपल्या गाडीची वायरिंग आधीच देवाच्या भरवशावर. ईटनचा एमलॉकर आवडला होता, थारच्या काही मॉडेलमध्ये जे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आलं ते, दोन चाकांच्या फिरण्यात १०० आरपीएमच्या आसपास फरक पडला की आपोआप लॉक होतं आणि स्पीड वाढला की लॉक लागत नाही. पण माझ्या एक्सलला बसेल असा हाताला लागला नाही.

उरले दोन. प्लेटवाला एलएसडी, आणि तिरप्या दातांच्या गिअरवाला म्हणजे हेलिकल. प्लेटवाल्याचा फायदा असा की आतल्या स्प्रिंगमुळे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला थोडा जोर मिळतोच. पण प्लेटा झिजतात, त्याला एलएसडीचंच ऑइल नाहीतर वेगळं अॅडिटिव्ह लागतं, ते विसरलं की वळणावर कटकट आवाज. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, रस्त्यात ऑइल टाकणारा जो मिळेल तो, जे डबडं असेल ते ओतणार. हेलिकलला झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, साधं जीएल-५ गिअर ऑइल चालतं. त्याची कमजोरी एकच, चिखलातल्या चाकाला थोडी तरी पकड हवी, तिच्या काही पट जोर तो दुसऱ्याला देतो, पकड शून्य तर शून्याच्या कितीही पट शून्यच. अशा वेळी ब्रेक हलका दाबून धरायचा म्हणजे भिरभिरणाऱ्या चाकाला खोटी पकड मिळते. मी हेलिकल घेतला.

घेताना दोन गोष्टी मापून नेल्या. हाऊसिंग डाना ४४ या एक्सलच्या नमुन्याचं, आणि त्यात शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या खाचा, १०, १९, ३० अशा वेगवेगळ्या येतात, केज म्हणजे डिफरन्शियलचा सांगाडा त्याच स्प्लाइनचा हवा. दुसरं म्हणजे ३.७३ पर्यंतच्या रेशोचा केज वेगळा आणि ३.९२ पासून वरचा वेगळा. क्राऊन-पिनियन जोडीच घ्यायची, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एका दुकानात नुसता क्राऊन स्वस्तात देत होते, जुन्या पिनियनवर चालेल म्हणे. नाही चालत, दोन महिन्यांत घूंऽऽ करायला लागतं.

फिटिंगला घाई करू दिली नाही. शिम म्हणजे पातळ चकत्या टाकून पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड म्हणजे आधीच दिलेला दाब, डायल गेज लावून बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या मधे, आणि दातांना मार्किंगचा रंग लावून डाग दाताच्या मधोमध येतो का ते बघायचं. मिस्तरी आधी कुरकुरले, हाताच्या अंदाजाने शेकडो बसवलेत म्हणाले, पण पहिला डाग दाताच्या टोकाला आलेला बघून स्वतःच परत खोलायला बसले. ८५डब्ल्यू-१४० ऑइल टाकलं. पहिल्या दिवशी थोडं चालवून थंड होऊ दिली, पुढचे आठशे किलोमीटर जड भाडं नाही, मग ऑइल बदललं.

आता हायवेला गप्पा मारता येतात. घाटात गिअर थोडा लवकर पाडावा लागतो, ते धरलेलंच होतं. चिखलात फरक मोठा आहे पण जादू नाही, काळी माती टायरच्या नक्षीत भरून गुळगुळीत झाली की दोन्ही चाकं मिळून भिरभिरतात आणि बांधाच्या उताराकडे मागून घसरते, साधं होतं तेव्हा निदान आहे तिथे उभी राहायची. म्हणून जोरात अॅक्सिलरेटर देत नाही आणि रिकामी गाडी ओल्या शिवारात नेत नाही, भरलेली बरी, वजनाने दाबून चालते.

आणखी एक, जॅक लावताना फार जपा. आधी एक चाक उचलून गिअरमध्ये इंजिन चालू केलं तरी गाडी जागची हलायची नाही, आता जमिनीवरचं चाक ओढून जॅकवरून उडी मारू शकते. मागचे दोन्ही टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेलेच हवेत, नाहीतर सरळ रस्त्यावरही आतले गिअर सतत घासत राहतात. माझी स्टेपनी जुनी आहे, त्यामुळे मागचं पंक्चर झालं की पुढचं चाक मागे आणि स्टेपनी पुढे, डबल काम होतं, क्लीनर शिव्या घालतो.