जागरण शरीरातून मोजताना
रात्रपाळी संपवून आज परळमधील एका प्रयोगशाळेत स्वयंसेविका म्हणून गेले होते. डोक्याला इलेक्ट्रोड, छातीवर ईसीजीचे पॅच, आणि पडद्यावर खूण उमटताच कळ दाबायची, असे सलग 10 मिनिटे. प्रतिसादाला 500 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला की लक्ष हुकले असे धरतात. मला स्वतःला पूर्ण जागी असल्यासारखे वाटत होते, परंतु मेंदूच्या आलेखात 4 ते 8 हर्ट्झच्या संथ थीटा लहरी, म्हणजे पेंग येत असल्याची खूण, वाढलेल्या होत्या आणि पापण्या सावकाश मिटत असल्याचे कॅमेऱ्याने टिपले होते. हृदयगतीतील चढउतारही पाहतात. मात्र ते ताणाने आणि चहानेही बदलतात, त्यामुळे केवळ हृदयगती मोजणाऱ्या मनगटी घड्याळावर विसंबणे मला पटत नाही.

2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 14 दिवस रोज 6 तासच झोपू दिलेल्यांची सतर्कता दोन रात्रींपर्यंतच्या पूर्ण जागरणाइतकी खालावली होती, आणि त्यांना ते फारसे जाणवतही नव्हते. कसारा-कर्जतहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या कितीतरी जणांची झोप याहून अधिक नसते. त्यांच्यापैकी जे बस चालवतात किंवा रुग्णांना औषधे देतात, त्यांच्या पाळ्या आखताना अशा मोजमापांचा आधार घेतलाच पाहिजे.