पोटाला धरून राहणारी न्याहारी: कण्यांचं प्रमाण बसलं, आता इडली

ताकातल्या ज्वारीच्या कण्यांचं (भरड तुकड्यांचं) प्रमाण अखेर बसलं. मागच्या नोंदीनंतर माझा बराचसा वेळ त्यातच गेला, म्हणून आज आधी तेच, बाकीचं ओघात येईल.

नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही लातूरचे, घरात अंडं शिजत नाही. मुलगी सकाळी सातच्या आत क्लासला निघते ती एक वाजून गेल्यावर घरी येते. वडील ऊन चढायच्या आत शेतावर जातात. दोघांनाही मधे काही खायची सोय नसते. त्यामुळे न्याहारी जमली की नाही हे मी चवीवर ठरवत नाही. भूक किती वाजता लागली ते विचारतो आणि वहीत पदार्थाच्या नावापुढे ती वेळ लिहून ठेवतो. पोहे आणि रव्याचा उपमा या वहीत साडेदहा-अकराच्या पुढे कधी गेले नाहीत.

कारण साधं आहे, त्यांत प्रथिनं कमी पडतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दोन अंड्यांची १२ ग्रॅम धरा. तेवढी पन्नास ग्रॅम मूगडाळीतून सहज मिळतात. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम येतात. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाच्या आसपास असतात, वर कोंड्याचा चोथा. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतलं लायसिन ज्वारीत कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, डाळीत मेथिओनिन कमी ते धान्य भरून काढतं. आपल्याकडं भाकरीसोबत पिठलं किंवा शेंगदाण्याची चटणी असते, तिथं हा हिशोब आधीच जमलेला आहे. पोह्यांवर सहा शेंगदाणे टाकून तो जमत नाही. म्हणून अंड्यासारखं दिसणारं किंवा लागणारं काही शोधत बसायचं मी सोडून दिलंय. ज्वारी आणि डाळ एका ताटात कशी आणायची, एवढंच बघतो.

आता कण्या. ज्वारी मालदांडी घेतली. मिक्सरमध्ये बटण धरून ठेवायचं नाही, दोन-तीन झटके द्यायचे आणि थांबायचं. एका दाण्याचे चार-पाच तुकडे झाले की पुरे. बारीक चाळणीनं पीठ खाली काढायचं, वर राहतात त्या कण्या. त्या रव्यासारख्या बारीक झाल्या तर शिजून लापशी होते, आणि लापशी पोटात टिकत नाही. भरड राहिल्या तर चावाव्या लागतात, पचायलाही वेळ घेतात. खालचं पीठ बाजूला ठेवा, त्याचं काम पुढं आहे.

एक वाटी कण्या रात्री धुऊन भिजत घालायच्या. सकाळी पाव वाटी मूगडाळ, मीठ आणि चार वाट्या पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. कुकर उघडल्यावर वर पाणी दिसेल, घाबरू नका. घोटून पाच मिनिटं झाकून ठेवलं की कण्या ते ओढून घेतात. मग दोन वाट्या ताकात बाजूला ठेवलेलं पीठ चमचाभर कालवायचं आणि ते ताक कण्यांत घालून मंद आचेवर एक वाफ आणायची. ताक तापलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि चोथा-पाणी वेगळं होतं. पिठातला स्टार्च ते होऊ देत नाही. कढीला बेसन लावतो ते याचसाठी. वरून लसूण, जिरं आणि वाळलेल्या लाल मिरचीची फोडणी. लसूण नुसता गुलाबी नको, कडा तांबूस होईपर्यंत थांबा. त्या कडकडीत लसणाशिवाय कण्या मिळमिळीत लागतात. ताटात घेतल्यावर शेंगदाण्याची चटणी, आणि तीही दोन चमचे भरून. तिला तोंडीलावणं समजून चिमूटभर वाढलीत तर निम्मा उपयोग गेला.

मूगडाळीऐवजी हरभऱ्याची डाळ घालून पाहिली, ती कण्यांच्या आधी शिजत नाही आणि दाताखाली कचकचते. तुरीची डाळ घातली की वरणाची चव येते. मूगडाळच बरी. या कण्यांपुढे वहीत सलग ‘एक वाजता’ असं लिहिलं जातंय, आणि वडील तर एकनंतरही जेवायची घाई करत नाहीत.

धिरड्यांचं काम आधीच झालंय, तरी उन्हाळ्यापुरता एक बदल सांगून ठेवतो. अख्खे हिरवे मूग आठ तास भिजवायचे, आलं-मिरची-कोथिंबिरीसोबत वाटायचे, चौथा हिस्सा ज्वारीचं पीठ. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा रात्रभर उघड्यावर भिजवलेल्या मुगाला सकाळी वास येतो. चार-पाच तास भिजवून फ्रीजमध्ये टाकावेत. तवा तापल्यावर पाण्याचा हबका मारून पुसून घ्यायचा, डावभर पीठ मधे ओतून बाहेर पसरवायचं, कडेनं तेल. धिरडं तव्याला चिकटतं ते बहुतेक वेळा घाईनं. परवा मी उलथनं घातलं तर आई मागून म्हणाली, “आत्ताच कशाला उलथायलास? जरा दम खाऊ दे त्याला.” कड स्वतःहून सुटून वर उचलली गेली की मगच हात लावायचा.

धपाट्यांत वाळूक किसून घालायला लागलोय आणि आता काकडीकडं परत जाणार नाही. वाळकाला आंबूस चव असते, पाणीही बेताचं सुटतं. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी गव्हाचं, तीळ, ओवा, लसूण, तिखट. पीठ किसातल्या पाण्यावर आणि दह्यावरच मळायचं. ओल्या फडक्यावर थापून मधे बोटानं भोकं पाडली की तेल आतपर्यंत जातं. डब्यात दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, त्यामुळे क्लासच्या परीक्षेच्या दिवशी हेच.

सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, घरात सगळ्यांना आवडतो, पण मुरमुरे ते मुरमुरे. मोड आलेली मटकी वाफवून आणि डाळ्याचं कूट सढळ हातानं घालून तो बाराच्या आसपास नेला, त्याच्या पुढे जाणार नाही असं दिसतं. रात्रीच्या वरणात सकाळी कणकेची फळं सोडणं हे मात्र कमी कष्टात फार चांगलं काम करतं. आपल्याच जिल्ह्यातल्या बोरसुरीची तूरडाळ मिळाली तर चवीत सरळ फरक पडतो.

सोयाबीनबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आपल्या जिल्ह्यात शिवारभर सोयाबीन असतं आणि घरात मात्र ते तेलाच्या रूपातच येतं, हे मलाही खटकतं. प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या जवळपास असतात. पण कच्चं दळून भाकरीत घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते चांगल्या उष्णतेनंच निकामी होतात. उग्र वास येतो तो दाणा फुटून त्याला पाणी लागलं की. म्हणून अख्खे दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकायचे, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचे, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मगच गिरणीत न्यायचे. दहा किलो ज्वारीला एक किलो. यापेक्षा जास्त घातलं तर भाकरी थापताना चिरते, कारण ज्वारीत मुळात ग्लूटेन (गव्हाचं पीठ धरून ठेवणारं प्रथिन) नाही आणि गरम पाण्यानं येणारी चिकटही सोयाबीननं कमी होते.

चहाचं एक पथ्य घरात सुरू केलंय. चहातल्या टॅनिनमुळे डाळी-धान्यातलं लोह अंगी कमी लागतं, तर लिंबानं जास्त. धिरड्यासोबत लिंबाची फोड, चहा तासभर आधी किंवा नंतर. वडिलांना हे अजून पटलेलं नाही, त्यांच्याशी बोलणी चालू आहेत.

थंडीत हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम पेय) करायचं आहे, आणि सध्या ज्वारीच्या रव्याची इडली हातात आहे. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ती वापरून बघायची इच्छा होती. आता थोडी मिळाली आहे. मालदांडीच्या रव्याला दोनास एक उडीद लावला की इडली हलकी होते, पण दुसऱ्या दिवशी भुगा होतो. तीनास एक आणि मूठभर भिजवलेले पोहे असा पुढचा घाणा आहे. दगडीची इडली कुणी केली असेल तर रवा किती तास भिजवला आणि पीठ थंडीत कसं फुगवलं, तेवढं कळवा.