काओरची चुकलेली बस आणि सँ-सिर्क-लापोपीची वाट

सँ-सिर्क-लापोपी हे कातारी लोकांचं, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्या कारागिरांचं गाव होतं, एवढं बाबांच्या कानावर पडलं आणि आमच्या फ्रान्सच्या बेतातलं बाकी सगळं मागे सरलं. माझे आजोबा सावंतवाडीत कातकाम करायचे. पाळण्याचे खांब, लाटणी, पाटांचे पाय. तेव्हा लेथ हातावर चालायचं. लाकडाला वेढलेली दोरी एकाने आळीपाळीने ओढायची आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. शाळेतून आल्यावर ती दोरी ओढायचं काम बाबांकडे असे. बाबा आता ६८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. तरी त्यांनी ठरवलं होतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन गेले.

व्हिसाचं फार सांगत नाही. ९० युरो फी, ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद. आमचा एक कागद अपुरा निघाला, म्हणून पुन्हा एक फेरी पडली. मुक्काम आधी पक्का करा, तारीख मग घ्या, एवढंच.

खरी परीक्षा पुढे होती, कारण दोघांनाही तिकडे गाडी चालवायची नव्हती. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून गावाजवळच्या काओर शहरापर्यंत थेट रेल्वे आहे, पाच-साडेपाच तास लागतात. काओरहून फिजाककडे जाणारी बस लोत नदीच्या काठाकाठाने जाते आणि गावाच्या समोरच्या काठावर, तूर-द-फोरला सोडते. तिथून पूल ओलांडून वर चढायचं. कागदावर इतकं सोपं.

शुक्रवारी दुपारी काओरला उतरलो, थांब्यावर उभे राहिलो, बस आलीच नाही. तासाभराने मी वेळापत्रक पुन्हा नीट वाचलं. वारांच्या अक्षरांखाली बारीक टाइपात एक ओळ होती: ही फेरी फक्त शाळा चालू असतानाच. आपली दिवाळीची सुट्टी आणि तिकडची ऑक्टोबरअखेरची शाळेची सुट्टी एकाच वेळी आली होती. खेड्यातल्या बस तिथे मुख्यतः शाळकरी मुलांसाठी धावतात, सुट्टीत वेळापत्रकच वेगळं. फ्रान्सच्या खेड्यात बसने जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: आधी शाळांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बघा, मग बसचं.

वरच्या गावातल्या खोलीवाल्या बाईंना फोन केला. माझं फ्रेंच मोडकंतोडकं, पण त्या हळूहळू बोलल्या आणि शनिवार-रविवार अशा दोन रात्री करून दिल्या. ती संध्याकाळ काओरमध्ये गेली, आणि व्हालांत्रे पूल त्यामुळेच निवांत बघता आला. तीन उंच बुरूज असलेला चौदाव्या शतकातला हा दगडी पूल. तो पुरा करायला बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला आणि शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला लावून फसवलं, अशी दंतकथा आहे. १८७९ मध्ये डागडुजी करताना वास्तुविशारद पॉल गू याने मधल्या बुरुजावर दगड उपसणारा छोटा सैतान बसवला. बाबा बराच वेळ मान वर करून तो शोधत होते.

शनिवारी सकाळी काओरच्या कॅथेड्रलसमोर बाजार भरतो. नवे अक्रोड, बकरीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या चकत्या आणि एक मोठा पाव घेतला. मग बस. आदल्या रात्री नकाशा बघताना बाबांनी विचारलं होतं, "अगं, अलीकडेच उतरून नदीकाठाने चालत गेलं तर?" मला गुडघ्यांची काळजी, पण वाट सपाट होती. म्हणून तूर-द-फोरच्या आधी बूझिएसला उतरलो आणि अरुंद झुलत्या पुलावरून पलीकडच्या काठावर गेलो.

इथून पाच-एक किलोमीटर वाट आहे, आणि तिच्यातला एक तुकडा मी आयुष्यभर विसरणार नाही. चुनखडीचा कडा सरळ नदीत उतरतो, पाय ठेवायला जागा नाही. पूर्वी इथून सपाट तळाच्या नावा चालायच्या. काओरची वाइन घेऊन प्रवाहाबरोबर खाली बोर्दोकडे जायच्या आणि परतताना प्रवाहाविरुद्ध दोराने ओढून आणाव्या लागायच्या. ओढणाऱ्याला चालता यावं म्हणून १८४० च्या दशकात कड्याच्या पोटातच वाट कोरली. उजवीकडे खडक, डोक्यावर खडक, डावीकडे दोन पावलांवर हिरवं पाणी. छत ठिकठिकाणी इतकं खाली येतं की मला वाकावं लागलं. छिन्नीचे घाव अजून दिसतात, तिरपे, एकाखाली एक. याच भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने अलीकडच्या काळात मासे, शंख-शिंपले कोरले आहेत. सुंदर आहेत, पण बाबा छताखालीच थांबले होते. घावांवर बोटं फिरवून म्हणाले, "उजव्या हाताचा माणूस. आणि घाईत नव्हता."

मग पाण्याकडे बघत म्हणाले, "नाव ओढणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडत असतील. माझ्या हाताला पडायचे." एवढंच. बाबा लहानपणाबद्दल फारसं कधी बोलत नाहीत.

शेवटची चढण मात्र खरीच आहे. गाव नदीपासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर बसलंय. आम्ही पाच वेळा थांबलो, अक्रोड फोडून खाल्ले. वर पोचल्यावर उतरती कौलारू छपरं, त्यांच्यावर किल्ल्यासारखं दिसणारं सोळाव्या शतकातलं चर्च आणि खाली नदीचं वळण. इथले किल्ले राजांनी पाडले. पंधराव्या शतकात अकराव्या लुईने हुकूम दिला, उरलंसुरलं १५८० मध्ये नवारच्या हेन्रीने उतरवलं. माणसांची घरं मात्र राहिली.

गल्ल्यांची नावं धंद्यांवरून आहेत. पेरोलरी म्हणजे तांबटांची गल्ली, पेलिसारिया कातडी कमावणाऱ्यांची. तांबट आळी पुण्यातही आहे म्हटल्यावर बाबांनी तिथे उगाच दोन फेऱ्या मारल्या. तळमजल्यांना रुंद कमानी दिसतात, त्या दुकानांच्या. आणि कातारी बनवायचे काय, तर पिंपांना लावायचे लाकडी नळ. आसपासच्या माळावर ब्वी नावाचं खुरटं झाड उगवतं, त्याच्या पिवळसर, दाट लाकडाचे. खाली नदीतून वाइनची पिंपं जाणार, वर नळ तयार होणार. मला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं की हे गाव नदीमुळेच इथे आहे.

एका कातकामाच्या दुकानात कारागीर स्वतः होता. लेथ विजेवरचं, पण भुसा तोच, वास तोच. त्याला मराठी येत नाही, बाबांना फ्रेंच येत नाही. बाबांनी एक नळ उचलला, चावी फिरवली, उपसून बाहेर काढली, निमुळत्या अंगावर नख ओढलं. मग मला म्हणाले, "आपल्या हेदासारखं पिवळं, पण याहून घट्ट. त्यांना विचार, चावी कातल्यावर किती दिवस सुकवता?" मी कसंबसं विचारलं. कारागिराने बाबांच्या हाताकडे बघितलं, काउंटरमागून बाहेर आला आणि एक अर्धवट कातलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. पुढची वीस मिनिटं माझी गरज लागली नाही.

राहायचं असेल तर रात्रीसाठीच राहा. दिवसभर गल्ल्या भरलेल्या असतात आणि संध्याकाळी मोटारी उतारावरून गेल्या की गावात पावलं ऐकू येतात. आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीने १९५१ मध्ये इथे घेतलेलं घर ही पूर्वीची नावाड्यांची सराय होती. रविवारी पहाटे त्या बाजूला गेलो तेव्हा खाली नदी दिसत नव्हती, नुसतं धुकं होतं, आणि त्यातून कुठल्या तरी कोंबड्याचं आरवणं वर येत होतं.

सोमवारी तूर-द-फोरच्या थांब्यावर अर्धा तास आधी उभे होतो. बस दिसली की हात करावा लागतो, नाहीतर ती थांबत नाही. बाबांच्या हातात ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला नळ होता. रात्रभर खोलीतल्या बेसिनमध्ये भिजत ठेवला होता त्यांनी. लाकूड फुगलं की चावी बसते, मग थेंब गळत नाही, असं त्यांचं म्हणणं. वळणावर बस आली आणि माझ्याआधी त्यांनीच हात वर केला.