तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्हरटेकच होत नाही, मग बघता काय?

मी फॉर्म्युला वन बघतो हे कळलं की बहुतेक जण आधी गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारतात. ते हसण्यावारी जातं. त्यानंतरचा प्रश्न मात्र मनापासून आलेला असतो. आमचे साडू भेटले की विचारतात, ऑफिसात नवीन आलेलं कुणी ना कुणी विचारतंच: "गाड्या नुसत्या एकामागोमाग एक फिरतात, कुणी कुणाला मागे टाकत नाही. दीड-दोन तास तुम्ही बघता तरी काय?"

यावर बरेच शौकीन २००८ च्या ब्राझीलचं उदाहरण देतात. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणांवर हॅमिल्टनने एक गाडी मागे टाकली आणि जगज्जेतेपद मिळवलं. उदाहरण जोरदार आहे, पण त्याने तुमच्या प्रश्नाला बगल दिली जाते. तुम्ही विचारता आहात ते, काहीच घडत नसताना काय बघायचं. म्हणून मी अबू धाबीचं नाव घेतो. १४ नोव्हेंबर २०१०, यास मरीना सर्किट, ५५ फेऱ्या. तिथे जगज्जेतेपद ठरलं ते न झालेल्या ओव्हरटेकमुळे.

त्या दिवशी हंगामातली शेवटची शर्यत होती आणि अजून चौघांना संधी होती. फेरारीचा फर्नांडो अलोन्सो २४६ गुणांवर, रेड बुलचा मार्क वेबर २३८ वर, त्याच संघातला सेबॅस्टियन व्हेटेल २३१ वर आणि मॅक्लारेनचा लुईस हॅमिल्टन २२२ वर. हॅमिल्टनची संधी कागदोपत्रीच होती. गुणांची पद्धत त्याच वर्षी बदलली होती: पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, मग १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. हे आकडे जवळ ठेवा, शर्यतभर लागतील. व्हेटेल जिंकला तर त्याचे २५६ होणार होते. अलोन्सो चौथा आला तरी त्याचे २५८. म्हणजे अलोन्सोला जिंकायची गरजच नव्हती. चौथ्या क्रमांकावर गाडी घरी आणली की तिसरं विजेतेपद त्याचं.

आणि सुरुवातीला तो नेमका तिथेच होता. पोल, म्हणजे सगळ्यात पुढची जागा, व्हेटेलकडे, दुसरा हॅमिल्टन, तिसरा अलोन्सो, चौथा मॅक्लारेनचाच बटन, पाचवा वेबर अशी रांग होती. दिवा विझताच बटनने अलोन्सोला मागे टाकलं. अलोन्सो चौथा, वेबर त्याच्या मागे पाचवा. फेरारीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललं होतं.

पहिल्याच फेरीत मायकेल शूमाकरची मर्सिडीज गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली आणि मागून आलेली लिउत्झीची फोर्स इंडिया थेट तिच्यावर चढली. शूमाकरचं डोकं थोडक्यात वाचलं. लिउत्झीकडे दुसरा मार्गच नव्हता. सेफ्टी कार बाहेर आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्यामागे सावकाश चालायचं. आता २०१० पासून शर्यतीत पेट्रोल भरणं बंद झालं होतं, पण मऊ आणि कडक दोन्ही प्रकारचे टायर एकदा तरी वापरणं सक्तीचं होतं. त्यामुळे मागच्या फळीतल्या काहींनी विचार केला की सगळे सावकाश चालताहेत तोवरच टायर बदलून घ्यावेत. मर्सिडीजचा रोझबर्ग आणि रेनॉचा विताली पेट्रोव्ह पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, गेले, कडक टायर चढवले आणि रांगेच्या शेवटी जाऊन लागले. त्यांचं काम पहिल्या फेरीतच उरकलं. (विजय मल्ल्यांच्या त्या गाडीने सेफ्टी कार बाहेर काढली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं. तेव्हा त्या वर्षीचा जगज्जेता ठरवण्यात भारताचाही हात होता, असं मी साडूंना सांगतो.)

खरी शर्यत इथून सुरू होते आणि ती टीव्हीवर जवळजवळ दिसत नाही.

वेबरची गाडी धड चालत नव्हती. त्याचे टायर गेले होते, एकदा भिंतीलाही घासून झालं होतं. अकराव्या फेरीत रेड बुलने त्याला आत बोलावलं. फेरारीच्या लोकांना घाम फुटला तो इथे. गुणतक्त्यात अलोन्सोच्या सगळ्यात जवळचा माणूस वेबर. नव्या टायरवर तो भरभर फेऱ्या काढू लागला आणि अलोन्सो उशिरा आत आला, तर वेबर पुढे निघून जाणार. म्हणून पंधराव्या फेरीत अलोन्सोला आत घेतलं. हिशोब बरोबर निघाला. अलोन्सो बाहेर आला तो वेबरच्या पुढे. फक्त त्या दोघांच्याही पुढे पेट्रोव्ह होता, आणि पेट्रोव्हला आता पिटमध्ये जायचंच नव्हतं.

हा रेड बुलने वेबरचा गळ टाकून लावलेला सापळा होता, असं पुष्कळ जण रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. वेबरला आत घ्यायला कारण होतं. गळ कुणी टाकला नसला तरी मासा लागला, एवढंच.

मग जवळजवळ चाळीस फेऱ्या अलोन्सो पेट्रोव्हच्या मागे. चाळीस! दोन वेळा जगज्जेता झालेला माणूस, आणि पुढे पहिलंच वर्ष चालवणारा, त्या हंगामात बऱ्याचदा गाडी आपटलेला रशियन पोरगा. घाटात मालट्रकच्या मागे अडकल्यासारखं, असं म्हणायचा मोह होतो. पण ट्रक हळू असतो म्हणून आपण अडकतो, आणि पेट्रोव्ह हळू नव्हता. सरळ रस्त्यावर त्याची रेनॉ चांगलीच पळत होती. त्या वर्षी एफ-डक्ट नावाची एक युक्ती निघाली होती. ड्रायव्हरने हाताने किंवा पायाने एक भोक बंद केलं की मागच्या पंखावरून जाणारी हवा विस्कटते, ओढ कमी होते आणि सरळ रस्त्यावर वेग वाढतो. रेनॉकडे ती होती.

यास मरीनाला सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा सरळ रस्ता आहे. तिथे पुढे जाता यायला हवं, असं कुणालाही वाटेल. अडचण त्याच्या आधीच्या वळणात होती. तिथे आधी एक अरुंद नागमोड आणि लगेच मागे वळवणारं संथ वळण. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्या गाडीची जमिनीवरची पकड सुटते. पकड सुटली की वळणातून बाहेर पडताना अंतर पडतं. आणि एकदा अंतर पडलं की सरळ रस्ता कितीही लांब असो, ते भरून निघेपर्यंत पुढचं ब्रेकिंग येतं. अलोन्सोने जोर लावला तेव्हा एकदा रस्त्याबाहेरही जाऊन आला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या चाळीस फेऱ्यांत आहे. पडद्यावर एक लाल गाडी एका पिवळ्या गाडीच्या मागे. मी मात्र बघत होतो जेन्सन बटनकडे. बटन अजून पहिल्याच टायरवर पळत होता. पंधरावी फेरी, विसावी, तिसावी. बटन आत येतच नव्हता आणि त्याच्या फेऱ्यांचे वेळ काही ढासळत नव्हते. अखेर तो एकोणचाळिसाव्या फेरीत आत आला. मऊ टायर सुरुवातीला जरा कुरकुरतात आणि मग सावरतात, हे त्याच्या वेळांवरून कळत होतं. म्हणजे अलोन्सोला पंधराव्या फेरीत आत यायची काही एक गरज नव्हती. बटनची प्रत्येक फेरी ही फेरारीच्या निर्णयाची चूक पुन्हा पुन्हा मांडून दाखवत होती, आणि बटनचा स्वतःचा विजेतेपदाशी काही संबंध उरला नव्हता. हे दिसायला लागलं की दीड तास कमी पडतो.

व्हेटेल पुढे एकटाच. तो चोविसाव्या फेरीत आत जाऊन आला. हॅमिल्टन त्याच सुमारास आत गेला आणि बाहेर येऊन कुबित्सामागे अडकला. कुबित्सा पेट्रोव्हचाच जोडीदार, दुसरी रेनॉ. तो सेहेचाळिसाव्या फेरीपर्यंत थांबला आणि मग आत जाऊनही पेट्रोव्हच्या पुढेच बाहेर आला. अलोन्सोपुढे आणखी एक गाडी.

निकाल असा लागला: व्हेटेल, हॅमिल्टन, बटन, रोझबर्ग, कुबित्सा, पेट्रोव्ह, अलोन्सो, वेबर. अलोन्सो सातवा, सहा गुण, एकूण २५२. व्हेटेल २५६. संपूर्ण हंगामात व्हेटेल एकदाही गुणतक्त्यात पहिला नव्हता. पहिला झाला तो हंगाम संपल्यावर. २३ वर्षांचा, सगळ्यात तरुण जगज्जेता. रेषा ओलांडल्यावरही त्याच्या इंजिनिअरने त्याला थांब म्हणून सांगितलं, मागून येणाऱ्यांचे क्रमांक एकेक करून मोजून दाखवले आणि मगच बातमी दिली. रेडिओवर त्याच्या रडण्याचा आवाज आला. तिकडे अलोन्सोने पेट्रोव्हच्या बाजूला गाडी नेऊन हात उडवले. मला ते अजिबात आवडलं नाही. पेट्रोव्हने काहीही वावगं केलं नव्हतं. पुढच्या वर्षीची त्याची जागाही पक्की नव्हती, त्याने बाजूला होऊन वाट का द्यावी? अलोन्सोने २००५ आणि २००६ ची दोन्ही विजेतेपदं याच रेनॉ संघात मिळवली होती, आणि व्हेटेलच्या रेड बुलमध्ये इंजिन होतं तेही रेनॉचंच.

इटलीत भडका उडाला. रोबेर्तो काल्देरोली या मंत्र्याने तर फेरारीचे अध्यक्ष माँतेझेमोलो यांचा राजीनामा मागितला! राजीनामा काही आला नाही, पण शर्यतीतले निर्णय ज्यांच्या हाताखाली होत, त्या ख्रिस डायर यांना जानेवारीत त्या जागेवरून हलवलं. २०११ पासून पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलेल्याला मागचा पंख उघडायची मुभा मिळाली. ते आधीच ठरलेलं होतं, पण अबू धाबीनंतर त्याला विरोध करायला फारसं कुणी उरलं नाही. यास मरीनातलं ते नागमोड काढून टाकायला मात्र २०२१ उजाडलं. पेट्रोव्हला रेनॉने ठेवून घेतलं आणि पुढच्याच मोसमात मेलबर्नला तो तिसरा आला.

अलोन्सोला नंतर जगज्जेतेपद मिळालंच नाही. २००७ मध्ये तो एका गुणाने हुकला होता, २०१० मध्ये चार गुणांनी, २०१२ मध्ये तीन. एकूण आठ.

माझ्यासारखे लोक आणखी एक चाळा करतात, तोही सांगून टाकतो. त्याच वर्षी जुलैत जर्मनीत हॉकेनहाइमला फेरारीने अलोन्सोचा जोडीदार फेलिपे मासा याला रेडिओवर कळवलं होतं की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे. मासाने ओळखायचं ते ओळखलं आणि पहिला क्रमांक सोडला. संघाला एक लाख डॉलर दंड झाला, अलोन्सोला सात गुण जास्त मिळाले. रेड बुलने मात्र अबू धाबीच्या आधीच्या रविवारी, ब्राझीलला, हे करायचं टाळलं. तिथे व्हेटेल पहिला आणि वेबर दुसरा होता. गुणांत पुढे असलेल्या वेबरला वाट करून द्या, नाहीतर दोघंही बुडाल, असा सल्ला त्यांना चहूकडून मिळत होता. त्यांनी ऐकला नाही. ऐकला असता तर वेबर २४५ वर आणि व्हेटेल २२४ वर अबू धाबीला आले असते. आता त्यात शेवटच्या शर्यतीचे निकाल जसेच्या तसे मिळवा: वेबर २४९, व्हेटेल २४९, अलोन्सो २५२.